जुनी बुलेट घेताय? मग एवढं वाचाच!

आपल्या होस्टेलमध्ये दर बॅचला एक तरी नमुना असा निघतो, की एटीकेटी सुटल्याबरोबर त्याला बुलेटची स्वप्नं पडायला लागतात. मागच्या वर्षी तो नमुना मी होतो. आणि स्वप्नातली बुलेट शोरूममधली नव्हती बरं का! उजव्या पायाला गिअर, हेडलाइटवर अँपिअर मीटर आणि कास्ट आयर्नचं काळं इंजिन, अशी जुनी बुलेट मला पाहिजे होती.

त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. एक, मी सगळे पैसे एका भलत्याच गाडीत घालता घालता वाचलो. दोन, जी गाडी घेतली तिचं इंजिन भर मे महिन्यात सिंदखेडराजाच्या रस्त्यावर जाम केलं, तेही मागे रूम पार्टनर बसलेला असताना. आज तीच गाडी व्यवस्थित चालते, पण त्यासाठी जी फी भरली ती कॉलेजच्या पावतीत येत नाही. आता आठवड्याला एक तरी ज्युनिअर रूमवर येऊन विचारतो, "भैया, बुलेट घेऊ का?" म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकू.

ही गाडी आली कुठून?

रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. पहिली मोटरसायकल १९०१ सालची, आणि 'बुलेट' हे नाव आलं १९३२ मध्ये. आपण जिला जुनी बुलेट म्हणतो, तिचा सांगाडा १९४९ च्या मॉडेलचा. मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर हे त्या काळात नवल होतं. आपल्या लष्कराला सीमेवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती, म्हणून ती भारतात आली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनू लागली. गंमत बघा, इंग्लंडमधलं उत्पादन १९७० पर्यंत गुंडाळलं गेलं, पण मद्रासची बुलेट बनतच राहिली. १९९४ मध्ये कंपनी आयशर समूहात गेली. पुढे २००८ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं नवं इंजिन आलं आणि २०१० च्या सुमारास कास्ट आयर्नचं जुनं इंजिन बंद झालं.

थोडक्यात, १९४९ चं डिझाइन किरकोळ फेरफार करून साठ वर्षं चाललं. म्हणूनच तिचे पार्ट आजही मिळतात आणि ती दुरुस्त करणारे हातही सापडतात. जावा-येझदी (म्हैसूरचा कारखाना, १९६१ ते १९९६) किंवा आरएक्स १०० यांचेही भक्त आहेत. पण त्या टू-स्ट्रोक, त्यांचा स्वभाव वेगळा. लांबच्या प्रवासाला सामान बांधून आरामात जायचं असेल, तर आपल्याकडे पहिलं नाव बुलेटचंच निघतं.

इंजिनाचा स्वभाव

आता थोडं थर्मल आणि आयसी इंजिनचं. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. सूत्रात घाला, ३४६ सीसी येते. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा, फ्लायव्हील जड आणि कॉम्प्रेशन रेशो फक्त ६.५ च्या आसपास. त्यामुळे हे इंजिन कमी आरपीएमला ओढतं. चढावर गिअर न बदलता 'डग डग डग' करत चढतं, ते यामुळे.

पण याचीच दुसरी बाजू बघा. कंपनीने दिलेली १८ हॉर्सपॉवर मिळते ५,६२५ आरपीएमला. तिथे पिस्टनचा सरासरी वेग काढा: दोन गुणिले ०.०९ मीटर गुणिले ५,६२५, भागिले ६०, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ३,००० आरपीएमला तोच वेग ९ मीटर. आणि जडत्वाचं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे साडेतीन पट. एवढा धक्का सोसतो कोण? कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, म्हणजे बिगएंड. जुन्या बुलेटला तिथे रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश असतो, आणि तो निव्वळ ऑईलच्या थरावर जगतो. म्हणून टॉप गिअरला ताशी ६०-६५ हा या गाडीचा सुखाचा वेग. नव्वदला पळवता येते, पण दिवसभर पळवाल तर बिल बिगएंड देईल आणि पैसे तुम्ही.

आधी कागद, मग किक

पहिली गाडी मी बघितली ती अंबड तालुक्यातल्या एका गावात. टाकी चकाचक, आवाज झकास, आरसी बुक हजर. मी खिशात हात घातलाच होता. सोबत चाचा होते. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री, चाळीस वर्षं बुलेटच खोलतात. त्यांनी चिंधी घासलेटात बुडवली, इंजिनावरचा नंबर पुसला आणि मला खाली बसवलं. "बेटा, नीट बघ. सगळे आकडे कंपनीचे, हा एक तेवढा बाजारातला." खरंच, एका आकड्याची ठेवण वेगळी होती आणि त्याच्या भोवतीचं अॅल्युमिनियम घासलेलं होतं. गाडी चोरीची होती की नुसतंच कुठलं तरी इंजिन चढवलेलं होतं, देव जाणे. पण उद्या नाक्यावर पोलिसांनी विचारलं असतं, तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. त्यात ४०,००० रुपये वडिलांच्या मोसंबीचे होते.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा:

१) इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पुसून बघा आणि आरसीशी आकडा न् आकडा जुळवा. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंद तपासा. जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन दिसत नसेल, तर आरटीओत जाऊन खात्री होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

२) पासिंग बघा. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. माझी गाडी १९९४ ची, म्हणजे २००९, २०१४, २०१९ अशी नूतनीकरणं झालेली आणि २०२४ ला मुदत संपलेली. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओला तपासणीसाठी न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि उशीर झाला असेल तर दंड महिन्यागणिक वाढत जातो. हा सगळा खर्च किमतीतून वजा करून घ्या. मी घेतला.

३) ट्रान्सफर. फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि कधीकाळी कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. "नंतर करू राव" असं म्हणणाऱ्याची गाडी घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीवर ज्याचं नाव, कायद्याने मालक तोच. म्हणजे अपघात झाला तर भरपाई विकणाऱ्याच्या गळ्यात पडू शकते. हे त्याला समजावून सांगितलं की तोच तुमच्या आधी आरटीओत येऊन उभा राहतो!

४) थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. प्लेट आता १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही सक्तीची आहे. 'जुनी क्लासिक गाडी आहे' म्हणून सूट नाही. 'व्हिंटेज' नोंदणी २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांनाच मिळते, तिची फी २०,००० रुपये, आणि ती गाडी रोज वापरताही येत नाही. त्या भानगडीत आपण पडायचं कारण नाही.

गाडी बघायला जाताना

आदल्या दिवशी फोन करून सांगा, "आम्ही आल्याशिवाय गाडी चालू करू नका." गरम इंजिन सगळं लपवतं. पोहोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या.

मग किक. जुन्या बुलेटला नुसता जोर चालत नाही. चावी चालू करा आणि किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा बघा. पॉइंट जुळले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. किक जिथे घट्ट लागते तिथे थांबा, डिकॉम्प्रेसर दाबा, काटा मध्यावर येईपर्यंत किक किंचित पुढे न्या. डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग सबंध किक मारा. हे न करता दणादण लाथा घालाल तर गाडी उलटी किक मारते. आमच्या विंगमधल्या एका पैलवानाचा घोटा तीन आठवडे सुजला होता.

घट्ट लागल्यावर किकवर उभं राहून बघा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ती क्षणभर तुम्हाला तोलते, लगेच खाली गेली तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. धूर निळा असेल तर ऑईल जळतंय. वरून 'टिक टिक' आली तर टॅपेट, ते दहा मिनिटांचं काम. पण लोडवर खालून जाड 'ठक ठक' आली तर बिगएंड, म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं आलं. हेडकडे जाणाऱ्या ऑईल पाइपचा बोल्ट किंचित सैल करून बघा, चालू इंजिनात तिथे ऑईल झिरपलं पाहिजे. झिरपलं नाही तर पंपाचं दुखणं आहे. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. मागून लांब उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा, आणि फ्रेमला नवं वेल्डिंग शोधा. रंग, क्रोम, सीट यावर भाळू नका. ते शेवटी होतं.

आणि हो, चालवून बघताना जपून. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. आपला पाय सवयीने उजवीकडे ब्रेक शोधतो आणि गिअर पडतो. पहिले आठ दिवस कॉलेजच्या ग्राउंडवरच चालवा, हायवेवर जाऊ नका.

माझी चूक

भोकरदन तालुक्यातून ७२,००० ला गाडी घेतली. रिंगा गेलेल्या होत्या, म्हणून ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकला. चाचांनी बजावलं होतं, "पाचशे किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही, डबल सीट तर अजिबात नाही." मी साठाव्या किलोमीटरला रूम पार्टनरला मागे बसवून लोणारला निघालो. दुपारचे बारा, ऊन बेचाळीसच्या पुढे, वेग सत्तर. सिंदखेडराजाच्या अलीकडे आवाज बोदा झाला, गाडी जड वाटली, मी अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला आणि मागचं चाक लॉक झालं. गाडी घसरत गेली. नशीब, समोरून ट्रक नव्हता आणि हात क्लचवर गेला. दोघांचे गुडघे फुटले, बाकी वाचलो.

असं का झालं? पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचं. दर अंशाला अॅल्युमिनियम प्रसरण पावतं साधारण २२ आणि बीड ११ मायक्रोमीटर प्रति मीटर. ७० मिमी व्यासावर १०० अंश तापमान वाढलं तर पिस्टन ०.१५ मिमीने फुगतो आणि सिलिंडर त्याच्या निम्म्यानेच. म्हणजे ०.०८ मिमीच्या आसपास जागा खाल्ली गेली. मधली फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांचीच. वर ताजं बोअरिंग खरखरीत, त्याच्या घर्षणाची उष्णता वेगळी. ऑईलचा थर फाटला की धातूला धातू चिकटतो. याला म्हणतात सीझ. परीक्षेत यावर चार मार्कांचा प्रश्न मी सोडवला होता, तोही बरोबर!

म्हणून लिहून ठेवा: आवाज बोदा झाला, ताकद कमी वाटली, की अ‍ॅक्सिलरेटर बंद, क्लच दाबा, बाजूला घ्या. वरून पाणी ओतू नका, गरम बीड तडकतं. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबा, मग हळूच किक दाबून बघा. आमची काही केल्या सुटली नाही, छोट्या हत्तीत टाकून जालन्याला आणली. खर्च १८,०००. चाचा काही बोलले नाहीत, फक्त ओरखडे पडलेला पिस्टन माझ्या हातात दिला. तो आता माझ्या टेबलावर पेनस्टँड आहे.

देखभाल, म्हणजे रोजची हजेरी

जुनी गाडी मोठ्या खर्चाने मरत नाही, छोट्या आळसाने मरते. माझं वेळापत्रक असं:

ऑईल: २०डब्ल्यू-५०, दर २,५०० ते ३,००० किलोमीटरला. सोबत फिल्टर बदलायचाच. बोअरिंगनंतर पहिलं ऑईल ५०० ला. ऑईलची पातळी गाडी चालवून आल्यावर बघा. कारण ही गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑईल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि काडीवर कमी दिसतं. आपण वरून ओततो, मग चालू केल्यावर जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून बाहेर, आणि आपण म्हणतो 'बुलेट गळते'! क्लचच्या केसमधलं ऑईल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, तेही बघा.

टॅपेट: इंजिन पूर्ण थंड असताना. पुशरॉड बोटाने सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. बस, एवढंच.

पॉइंट: पूर्ण उघडल्यावर फट ०.३५ ते ०.४० मिमी. फीलर गेज लॅबमध्ये आहे, सरांना विचारून वापरा.

पाने: या गाडीत इंची मापाचे नट आहेत. मिमीचा पाना बळेच घुसवून कोपरे घासू नका. इंचीचा एक सेट घ्या, जन्मभर पुरेल.

पेट्रोल: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रणही थोडं पातळ होतं, म्हणजे इंजिन जरा जास्त तापतं. तेव्हा पेट्रोलचा पाइप नवा टाका, कार्बोरेटरचा जेट मिस्त्रीकडून तपासून घ्या, प्लगचा रंग बघत राहा (विटकरी चांगला, पांढराफटक वाईट), आणि सुट्टीत घरी जाताना महिनाभर पेट्रोल भरून गाडी उभी ठेवू नका.

ब्रेक: दोन्ही ड्रमचे. लायनर, केबल, चेनचा ताण दर महिन्याला बघा. डिस्कवाल्या गाडीच्या मागे चिकटून चालू नका. तो थांबतो, तुम्ही थांबत नाही.

प्रवासाला निघताना

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तो विसरा. पण आपल्या नशिबाने जुने रस्तेच सुंदर आहेत. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघून पुढे लोणार, किंवा राजूरच्या गणपतीला हात जोडून भोकरदन-सिल्लोडमार्गे अजिंठा. पहाटे निघा, उन्हाळ्यात अकराच्या आत पोहोचा, दर पन्नास किलोमीटरला दहा मिनिटं इंजिनाला विश्रांती द्या. पिशवीत प्लग, पॉइंट, कंडेन्सर, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चेनची लिंक, फ्यूज, बल्ब, ट्यूब आणि पाने. हेल्मेट दोघांनाही. हे माझ्या फुटलेल्या गुडघ्यावरून सांगतोय.

शेवटचं. किमतीच्या निम्मे पैसे पहिल्या सहा महिन्यांसाठी वेगळे ठेवता येत नसतील, तर आत्ता गाडी घेऊ नका. त्यात कमीपणा नाही. अर्धवट पैशात घेतलेली बुलेट पार्किंगमध्ये गंजते आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. आपलं जालना सळयांचं गाव. इथे लोखंड वितळवायला भट्ट्या पुष्कळ आहेत, जुनं लोखंड चालतं ठेवणारे हात मात्र थोडे. चाचांच्या दुकानात त्यांच्या हाताखाली शिकणारं कोणीच नाही. मी दर शनिवारी जातो, सध्या फक्त नट धुतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्यांनी टॅपेट मला सेट करू दिले आणि तपासलेसुद्धा नाहीत. डिस्टिंक्शनपेक्षा जास्त आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

शनिवारी कोणाला यायचं असेल तर सकाळी नऊला पार्किंगमध्ये भेटा. जुने कपडे घालून या.